कलदार की हाली

देवळाली प्रवरातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, वाण्याच्या गल्ल्याजवळ असते तशी. शाळेत गणित शिकवता शिकवता सरांनी घरची शेतीही सांभाळली आणि तिचा सगळा हिशेब या वहीत उतरवला. वही चाळताना एक गोष्ट पटकन नजरेत भरते. तिच्यात एकही आकडा एकटा नाही. कांद्याच्या भावापुढे ‘क्विंटलला’ किंवा ‘दहा किलोला’ असं लिहिलेलं आहे. उसापुढे ‘टनाला’, गुरांच्या घासापुढे ‘पेंढीला’, मजुरीपुढे ‘रोजानं’ नाहीतर ‘उक्तं’. शाईचे रंग बदलत गेले, अक्षर म्हातारं होत गेलं, पण आकड्याशेजारचा तो शब्द कधी सुटला नाही.

ही सवय वर्गातून आली की बाजारातून, हे सरांनाही सांगता येत नाही. वर्गात उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर ते अर्धा गुण कापत. पण बाजारात याहून मोठा गुण कापला जातो. लासलगावचा कांदा क्विंटलच्या भावानं बोलला जातो. पुण्याकडे, चाकण-मंचरच्या बाजूला तोच भाव दहा किलोचा सांगतात. एकीकडे अठराशे आणि दुसरीकडे एकशे ऐंशी, आणि दोन्ही एकच. नव्यानं शेतीत पडलेला पोरगा हे आकडे ऐकून बावचळतो. जुना माणूस आधी विचारतो, ‘कशाला?’ म्हणजे कशासाठी नव्हे, कुठल्या मापाला. नगर जिल्ह्याच्या बोलण्यात हा एक शब्द पुरतो.

तर अशा या घरात एका संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर एक आकडा एकटाच आला.

सरांची मुलगी मेलबर्नला असते. आईवडील पहिल्यांदाच तिकडे यायचे, म्हणून तिनं समुद्रकाठच्या एका छोट्या घराचा दुवा पाठवला होता. ‘तीन दिवस राहू, तुम्हाला आवडतंय का बघा,’ एवढाच निरोप. फोटोत लाकडी ओसरी होती, खिडकीतून निळं पाणी दिसत होतं आणि स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की आईंना ते कुणी वापरत असेल असं वाटेना. खाली लिहिलं होतं, एका रात्रीचे २१०. आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह. सरांनी चष्मा लावला, पेपरात डॉलरचा भाव पाहिला, पाठीमागच्या कोऱ्या पानावर गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं. एका रात्रीचे अठरा हजार. तीन रात्रींचे चोपन्न. ‘नको म्हणावं पोरीला,’ ते म्हणाले. ‘तिच्याच घरात पथारी टाकू.’

‘अहो, तिला विचारा तरी,’ आई म्हणाल्या.

रात्री फोनवर मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, ‘अण्णा, पेपरातला डॉलर अमेरिकेचा. हा इथला आहे, ऑस्ट्रेलियाचा. पावणेबारा हजाराच्या आसपास होतील.’ सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जो प्रश्न केला तो त्यांच्या वहीतल्या प्रत्येक पानावरचाच होता. ‘मग तसं लिहिलं का नाही त्यांनी?’

*

लिहिलं का नाही, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि तो अगदी याच चिन्हावरून. एअरबीएनबी ही घरं-खोल्या थोड्या दिवसांसाठी भाड्यानं मिळवून देणारी जगातली मोठी कंपनी. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन भाडेकरू तरुणांनी, शहरातली हॉटेलं एका परिषदेमुळे भरली म्हणून, आपल्या दिवाणखान्यात हवेच्या तीन गाद्या टाकून पाहुणे ठेवले. तिथून ही कल्पना वाढली. यात्रेच्या दिवसांत ओसरी रिकामी करून देणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला त्यात नवल वाटायचं नाही. पण ओसरी देणारा आणि घेणारा एकाच उंबऱ्याशी उभे असतात. इथं मात्र दोघांमध्ये समुद्र.

जानेवारी २०१८ ते ऑगस्ट २०२१ या काळात त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर ऑस्ट्रेलियातल्या हजारो ग्राहकांना भाडं दिसलं ते नुसत्या डॉलरच्या चिन्हानं. ऑस्ट्रेलियात बसून, बऱ्याचदा ऑस्ट्रेलियातलीच खोली बघणाऱ्या माणसानं तो आपला डॉलर धरला. पैसे गेले ते अमेरिकी डॉलरच्या हिशेबानं. त्या वर्षांत एका अमेरिकी डॉलरसाठी साधारण एक पूर्णांक तीन ते दीड ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागत. म्हणजे पाचशे समजून घेतलेली खोली साडेसहाशे-सातशेला पडली. तक्रारी झाल्या, पण बऱ्याच जणांना तेव्हा भरपाई मिळाली नाही. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये दावा लावला. कंपनीनं चूक मान्य केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयानं दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ग्राहकांना आणखी दीड कोटीपर्यंत भरपाई देण्याची हमीही कंपनीला द्यावी लागली.

कायद्याच्या भाषेत ते दिशाभूल करणारं वर्तन ठरलं. सरांच्या वहीच्या भाषेत सांगायचं तर आकड्यापुढचा एक शब्द लिहायचा राहिला, आणि त्या न लिहिलेल्या शब्दाची किंमत न्यायालयानं कोटींत मोजली. ती योग्यच मोजली. भाव सांगणाऱ्यानं माप सांगायचं असतं. घेणाऱ्यानं ते ओळखून घ्यावं अशी अपेक्षा करणं हा व्यवहार नव्हे.

*

पण आपल्याकडे न बोलता भाव ठरवायचीही एक रीत आहे, आणि ती विसरून चालणार नाही. लोणीचा बैलबाजार, घोडेगावचा जनावरांचा बाजार या भागातल्या प्रत्येकानं लहानपणी बापाचं बोट धरून पाहिलेला असतो. धूळ, शेणाचा वास, शिंगांना लावलेला हिंगूळ, आणि गर्दीच्या मधोमध उपरण्याखाली हात घालून उभी असलेली दोन माणसं. तोंडानं काही नाही. उपरण्याखाली एक जण दुसऱ्याची बोटं दाबतो. किती बोटं दाबली यावर भाव. बोटानं शेकडा सांगितला की हजार, हे कुणी उच्चारत नाही. तरी चूक होत नाही, कारण बैल समोर उभा असतो. त्याचे दात बघून झालेले असतात, चाल बघून झालेली असते. हा बैल पाचशेचा नाही आणि पाच लाखांचाही नाही, हे दोघांनाही दिसतंय. न बोललेलं माप त्या जनावराच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

पडद्यावरच्या खोलीच्या अंगावर असं काहीच लिहिलेलं नसतं. ओसरीचा फोटो मेलबर्नचा असो, टोरांटोचा असो की हाँगकाँगचा, ऊन सगळीकडे सारखंच पिवळं येतं. मुद्दाम काढलेल्या त्या फोटोंवरून खोलीचा भाव ताडता येत नाही. आणि डॉलर तर पाहावा तितका घरोघरचा. अमेरिकेचा डॉलर ऐंशी रुपयांच्या पुढे गेलेला. कॅनडाचा साठीच्या आसपास, सिंगापूरचा त्याच्या थोडा वर. ऑस्ट्रेलियाचा पन्नाशी ओलांडलेला. हाँगकाँगचा दहा-अकरा रुपये. या सगळ्यांच्या डोक्यावर एकच चिन्ह. ऑस्ट्रेलियात १४ फेब्रुवारी १९६६ पर्यंत पौंड चालत होता. त्या दिवशी त्यांनी दशमान पद्धत घेतली, नव्या नाण्याचं नाव डॉलर ठेवलं आणि जगातल्या डॉलरांत आणखी एकाची भर पडली. जपानचा येन आणि चीनचा युआन यांचंही असंच आहे. दोघांचं चिन्ह एक, किमतीत जवळजवळ वीसपटीचा फरक. उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश बघायला जाणाऱ्यांना क्रोन भेटतो. डेन्मार्कचा क्रोन दहा रुपयांच्या वर आणि आइसलंडचा एका रुपयाचाही नाही. दोन्हीकडे लिहितात मात्र सारख्याच दोन अक्षरांत.

*

एकाच नावानं होणारा घोटाळा देवळाली प्रवराला नवा नाही. या गावाच्या नावातला ‘प्रवरा’ हा शब्द शोभेसाठी नाही. बाहेरगावी ‘देवळाली’ म्हटलं की ऐकणारा म्हणतो, ‘नाशिकजवळची? कॅम्पातली?’ तिकडे लष्कराची छावणी, रेल्वेचं स्टेशन. नाव मोठं झालं ते तिचं. इकडची देवळाली राहुरी तालुक्यात, नगर-मनमाड रस्त्याच्या बाजूला, प्रवरेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारी. म्हणून तिनं नदीचं नाव आपल्यापुढे लावून घेतलं. शेजारच्या श्रीरामपूरची गंमत उलटी. शहर श्रीरामपूर आणि रेल्वे स्टेशनावर पाटी बेलापूरची. नवी मुंबईत बेलापूर झालं तेव्हापासून तिकीट काढणाऱ्याला आणखी एकदा सांगावं लागतं की आमचं बेलापूर वेगळं.

या घोटाळ्यावर देशानं एक उपाय केला, आणि तो एका मराठी माणसाच्या डोक्यातून निघाला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नाटककार-कवी. एकाच नावाची गावं, पत्त्यांच्या अनेक भाषा, अनेक लिप्या, वळणदार अक्षरं, या सगळ्यांतून पत्र बरोबर दारात जावं म्हणून त्यांनी सहा आकड्यांचा पिन कोड आखला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. नाशिकजवळच्या देवळालीचा पिन ४२२ नं सुरू होतो, देवळाली प्रवराचा ४१३ नं. मनीऑर्डर चुकीच्या देवळालीत जाऊन परत यायची भीती तिथं संपली.

चलनांनाही असा पिन कोड आहे, हे थोड्यांना ठाऊक असतं. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं प्रत्येक चलनाला तीन रोमन अक्षरांचं नाव दिलं. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं बहुधा नाण्याचं. आपला रुपया आयएनआर, नेपाळचा एनपीआर, ऑस्ट्रेलियाचा डॉलर एयूडी, अमेरिकेचा यूएसडी. तीन अक्षरं लिहायला पडद्यावर बोटभरही जागा लागत नाही. विमानाच्या तिकिटावर, बँकेच्या कागदावर ती बिनचूक असतात. खोलीच्या फोटोखाली मात्र बऱ्याचदा नुसतं चिन्ह असतं, किंवा ती तीन अक्षरं पानाच्या तळाशी, एका कोपऱ्यात जाऊन बसलेली असतात. तिथं ‘भाषा आणि चलन’ असं एक लहान बटण असतं. फोनची मांडणी कुठली आहे, खातं कुठं उघडलं, जाळ्यात कुठल्या देशातून आलात, यांवरून संकेतस्थळ तुमचं चलन आपणच ठरवतं. मुलीनं पाठवलेला दुवा बापानं उघडला की आकडा कधी तिचा येतो, कधी त्याचा. दोघं फोनवर एकाच खोलीबद्दल बोलत असतात आणि दोघांच्या पडद्यावर भाव वेगळा.

*

देवळालीच्या नावात जिचं पाणी आहे त्या प्रवरेच्या काठाकाठानं खाली गेलं तर नेवासं लागतं, आणि त्यापुढे प्रवरासंगम. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते. आज पुलावरून गाड्या भरधाव छत्रपती संभाजीनगरकडे जातात. पलीकडच्या काठाला कायगाव लागलं हे प्रवाशाला कळतही नाही. पण १९४८ पर्यंत गोदावरी म्हणजे राज्याची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचा मुलूख. आणि दोन्ही काठांवर रुपयाच चालायचा.

अलीकडचा रुपया कलदार. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. पलीकडचा हाली शिक्का. हाली म्हणजे चालू, सध्याचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ठरलेला भाव. पलीकडच्या काठावर कुणी बैलाचे एकशे चाळीस रुपये सांगितले आणि अलीकडच्यानं आपलेच रुपये मोजले तर वीस रुपये फुकट गेले. त्या काळी वीस रुपये म्हणजे थोडकी रक्कम नव्हे. म्हणून नदीकाठच्या माणसांच्या बोलण्यात एक प्रश्न कायमचा बसला होता: ‘कलदार की हाली?’ भाव ऐकल्यावर आधी हा प्रश्न, मग घासाघीस. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘कलदार’ हा शब्द पुढे कितीतरी वर्षं राहिला, खणखणीत पैशाचं नाव म्हणून. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तरी हाली रुपया लगेच गेला नाही. १९५१ मध्ये तो नव्यानं काढणं बंद झालं आणि पूर्ण रद्द झाला तो १९५९ मध्ये.

त्याही आधी, पेशवाईत, तर रुपयांचा बाजारच भरलेला होता. अंकुशी रुपया, चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी, सुरती, हाली. चांदीचा कस निराळा, वजन निराळं, झीज निराळी. रुपया हातात पडला की तो कुठला, हे आधी बघायचं. ते बघणारा माणूस म्हणजे पोतदार. त्या कामाचं आडनाव आजही घराघरांत आहे. एका रुपयाचा दुसरा करून देताना सराफ जे कापून घेई तो बट्टा. तो शब्द बाजारातून निघाला आणि माणसाच्या चारित्र्यापर्यंत पोचला. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. आणि ज्या माणसात काही कमी करता येत नाही, मोडता येत नाही, तो बंदा रुपया. आपली भाषा इतकी वर्षं नाण्यांच्या घोळात वावरली आहे की माणसं पारखण्याचे तिचे शब्दही नाण्यांचेच झाले. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं आपल्या मुलुखात एकच रुपया केला तेव्हा हा घोळ हळूहळू कमी होत गेला. मग तीन-चार पिढ्यांत आपण एकाच रुपयाला इतके सरावलो की ‘कुठला रुपया’ हा प्रश्न विचारायची सवयच मोडली.

ती सवय परत लावून घ्यायची वेळ मोबाइलनं आणली आहे.

*

डॉलर तरी परका, त्याच्याशी जपून वागतो माणूस. घात होतो तो आपल्या माणसासारख्या दिसणाऱ्या रुपयाकडून. पशुपतिनाथाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना हे चांगलं ठाऊक आहे. नेपाळचाही रुपयाच. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी, असा भाव बांधलेला आहे. तिथले दुकानदार म्हणूनच आकडा सांगून थांबत नाहीत. ‘आयसी’ म्हणजे इंडियन करन्सी आणि ‘एनसी’ म्हणजे नेपाळी, असं जोडूनच बोलतात. गोदाकाठचा ‘कलदार की हाली’ तिथं अजून जिवंत आहे. पण पोखऱ्यातल्या खोलीचं भाडं जेव्हा इथं, घरी बसून पडद्यावर बघतो, तेव्हा तो दुकानदार शेजारी नसतो. २४०० लिहिलेलं असतं. ते नेपाळी असतील तर आपले पंधराशे. आपलेच असतील तर चोवीसशे. यात्रेला निघालेल्या सात-आठ कुटुंबांचा हिशेब एकत्र करणाऱ्याला हा फरक झोप लागू देत नाही.

नवविवाहितांच्या आवडीच्या बालीत रुपिया भेटतो. नाव आपल्या रुप्याचंच, संस्कृतातून समुद्र ओलांडून गेलेलं. किंमत मात्र अशी की आपल्या एका रुपयाला दीडशेहून कितीतरी जास्त रुपिया येतात. आठ लाखांची खोली बघून छाती दडपते, आणि ती निघते चार-साडेचार हजारांची. वर तिथं हजारांच्या जागी स्वल्पविराम नसतो, टिंब असतं. आपण टिंबाला दशांश समजतो. म्हणजे चिन्ह फसवतं, नाव फसवतं आणि उरलेलं काम एक ठिपका करतो.

आपल्या रुपयाला स्वतःचं चिन्ह मिळालं ते १५ जुलै २०१० रोजी. मुंबईच्या आयआयटीत संशोधन केलेल्या उदयकुमार यांनी ते काढलं. देवनागरी ‘र’, वर शिरोरेघ, आणि त्यातच रोमन आर. त्याआधी आपण जी दोन रोमन अक्षरं रुपयासाठी लिहीत होतो ती पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ यांच्या रुपयांनाही चालत. ‘र’ला डोक्यावरची रेघ मिळाली आणि आपला रुपया गर्दीत वेगळा ओळखू येऊ लागला. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. जगातल्या फार थोड्या चलनांना असं स्वतःपुरतं चिन्ह आहे.

*

चलनाचं नाव कळलं तरी एक पायरी उरते. पडद्यावर रुपयांत दिसणारा आकडा बऱ्याचदा अंदाज असतो. घरमालकानं भाडं त्याच्या चलनात ठरवलेलं असतं; संकेतस्थळ ते आपल्या दरानं रुपयांत करून दाखवतं. पैसे तिथं पोचल्यावर द्यायचे असतील तर ते मालकाच्या चलनात जातात आणि कार्ड ज्या दिवशी चालेल त्या दिवसाचा दर लागतो. त्यावर आपली बँक परकीय व्यवहाराचं शुल्क घेते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या शुल्कावर वस्तू-सेवा कर. परदेशातल्या काउंटरवरचं यंत्र कधी अगत्यानं विचारतं, ‘रुपयांत द्यायचे का?’ हो म्हटलं की दर त्या यंत्रामागच्या कंपनीचा लागतो, आणि तो बहुधा महाग पडतो. नाही म्हणावं, तिथल्याच चलनात द्यावं. बेत रद्द झाला आणि पैसे परत आले तर ते परतीच्या दिवसाच्या दरानं येतात, गेले तेवढेच येतील असं नाही. सराफाचा बट्टा गेला नाही. तो फक्त आता तीन-चार ठिकाणी थोडा थोडा कापला जातो, आणि कापणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या मांडणीचे तेरा प्रकार यादी करून बंद केले. सुरुवातीला कमी भाव दाखवून शेवटी वाढवत नेणं त्या यादीत आहे. चलनाचं नाव न लिहिणं हा प्रकार त्यात स्वतंत्रपणे आलेला नाही. तो यायला हवा. मुलांनी पाठवलेल्या दुव्यांवर बोट ठेवून परदेशातल्या खोल्या बघणारे आईबाप आता राहुरी-श्रीरामपूरसारख्या गावांतही आहेत. त्यांनी आयुष्यभर मोजूनमापून खर्च केला आहे. अठरा हजार ऐकून पथारी टाकायला निघालेला माणूस कंजूष नसतो. त्याला समोरच्यानं पूर्ण वाक्य सांगितलेलं नसतं.

सरांनी ते घर ठरवलं. मुलीनं पैसे भरले, पण हिशेब इकडेही लिहिला गेला. लाल वहीत, सोयाबीनच्या विक्रीनंतर एक ओळ सोडून: ‘समुद्राकाठचं घर, तीन रात्री, ६३०, ऑस्ट्रेलियन डॉलर.’ कंसात रुपये, त्यापुढे तारीख, कारण उद्याचा दर वेगळा असेल.

इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर एका बाजूला शिर्डी आहे आणि दुसऱ्या बाजूला शनिशिंगणापूर. त्या रस्त्यांवरच्या कितीतरी घरांनी वरचा मजला पाहुण्यांसाठी काढला आहे आणि त्यांच्या खोल्या आता जगभर दिसतात. त्या देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: आपल्या पानावर भाड्याच्या आकड्याशेजारी ‘भारतीय रुपये’ असं अक्षरांत लिहा, आणि तीन अक्षरांचं ते जागतिक नावही लिहा. साईबाबांच्या दर्शनाला मॉरिशसहूनही माणसं येतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथं आहेत. त्यांच्या बेटावर १८७७ पासून जे नाणं चालतं, त्याची किंमत आपल्या रुपयाच्या दुपटीच्या जरा आत आहे. त्याचंही नाव रुपयाच.